तीनबोटी सुताराची ओळख

शुक्रवार, ३ जानेवारी

इथल्या, बहरीनच्या मराठी मंडळाने अखेर मला व्याख्यानाला उभं करायचं ठरवलं. दरवर्षी मी सुचवतो आणि दरवर्षी त्यांना ऑर्केस्ट्रा सापडतो. यंदा फेब्रुवारीच्या कार्यक्रमाचा गायक दुबईवाल्यांनी पळवला, तेव्हा सेक्रेटरी सुयोगला माझी आठवण झाली. विषय मीच दिला: उत्तरेकडच्या जंगलांतले सुतार पक्षी, ओळख आणि सवयी. सुयोग म्हणाला, "काका, जरा हलकंफुलकं ठेवा." म्हटलं, सुतार पक्षी हा हलकाफुलका विषय नाही. तयारीची नोंद राहावी म्हणून ही डायरी. घरगुती भानगडी इथे लिहायच्या नाहीत.

बहरीनमध्ये सुतार पक्षी नाही. जंगलच नाही, तर सुतार येऊन करणार काय? त्यांच्या कुळातला एक लांबचा पाहुणा मार्चमध्ये उतरतो, पण त्याला सुतारकी येत नाही, म्हणून मी त्याला मोजत नाही. मंडळातल्या निम्म्या लोकांना मात्र हिरवळीवर डोक्याचा पंखा उघडत फिरणारा हुदहुद म्हणजेच सुतार वाटतो. इतकी वर्षं सांगतोय. पालथ्या घड्यावर पाणी.

माझा माल थेट उत्तरेकडून येतो. आमची तेजू, म्हणजे तेजस्वी, फिनलंडच्या उत्तर टोकाला जंगलांवर संशोधन करते. सहा वर्षांची असताना तुबलीच्या खाडीवर मीच तिच्या गळ्यात दुर्बीण घातली होती. मागच्या उन्हाळ्यात तिने तिथल्याच एका माणसाशी कोर्टात लग्न केलं आणि आम्हाला फोटो पाठवला. नुसता फोटो. मी तेव्हाच सांगितलं, त्या माणसाचं नाव माझ्यासमोर काढायचं नाही. ते काढणंही अवघडच आहे, J ने लिहितात आणि म्हणे 'य' म्हणायचं. ही कुठली रीत? तेव्हापासून आम्ही बापलेक फक्त पक्ष्यांबद्दल बोलतो. व्यवस्था उत्तम चालली आहे. हेमाला ती उत्तम वाटत नाही, पण बायकोचं मत हा या डायरीचा विषय नाही.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ वाटला. घरी आलो तर तेजूचा फोटो आलेला: काळा सुतार, कावळ्याएवढा, पाइनच्या बुंध्याला चिकटलेला. नराचा अख्खा माथा लाल असतो, मादीच्या फक्त मानेवर टिकलीएवढा लाल डाग. ही मादी. ओळखायला मला दोन सेकंद लागले.

फोटोच्या कडेला तेजू उभी आहे. कोटाची मधली बटणं लागत नाहीयेत. थंडीत माणूस खातो. तिला लिहिलं, "मादी. फोटो छान. रोज चालत जा." हेमाने फोटो दोन बोटांनी मोठा केला, पण पक्ष्याकडे न बघता तेजूकडेच बघत बसली आणि मग डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. पाकाचा धूर झाला असेल.

तेजूचं उत्तर आलं, "बाबा, काळ्या सुतारात रात्री अंड्यांवर नर बसतो, माहितेय?" माहीत आहे असं लिहिलं आणि मग पुस्तकात बघितलं. खरं निघालं. दिवसा आळीपाळीने, रात्री मात्र नरच. ढोली खोदण्याचं कामही बरंचसं त्याचंच. असले नर उत्तरेकडेच निपजत असावेत.

शनिवार, २५ जानेवारी

आज तेजूने एका पेटीचा फोटो पाठवला. बर्चच्या लाकडाची, घरीच केलेली. कुणी केली ते मी विचारलं नाही. "बाबा, कशी वाटते?"

माझं अर्धं आयुष्य तपासणीत गेलं. मी खोटा शेरा देत नाही. पेटी वरून सताड उघडी. आत शिरायला भोक नाही. बाजूंना गजांसारख्या पट्ट्या, म्हणजे वारा आरपार. आणि कहर म्हणजे खाली दोन वाकड्या फळ्या, त्यामुळे अख्खी पेटी डुलते. डुलणाऱ्या पेटीत कुठलाही शहाणा पक्षी अंडी घालणार नाही. झाकण कसं हवं, भोक केवढं हवं, सगळं सविस्तर लिहून पाठवलं.

उत्तर: "बाबा!!" एवढंच. हेमाला दाखवलं तर ती इतकी हसली की ठसका लागला. पाठीवर थाप मारावी लागली.

लाकूडकाम मात्र सफाईचं आहे, हे नमूद करतो. सांधा बसलाय कसा ते बघायला मला कुणी शिकवायला नको.

रविवार, ९ फेब्रुवारी

घबाड मिळालं! तेजूने रेकॉर्डिंग पाठवलंय. सोबत एकच ओळ, "बाबा, शेवटपर्यंत ऐका. ओळखा पाहू कोण?"

मागे घुसमटलेली सळसळ, पाण्यातून यावी तशी, आणि तिच्यातून ठक ठक ठक ठक. अखंड. एका लयीत. मिनिटाला दीडशेच्या आसपास. ऐकताना अंगावर काटा आला, का ते सांगता येत नाही. पुन्हा ऐकलं. पुन्हा आला.

आता शास्त्र. काळा सुतार मशीनगनसारखा भर्रर्र वाजवतो आणि थांबतो. ठिपकेवाला तर डोळ्याचं पातं लवतं तोवर संपतो. हा थांबतच नाही, आणि दोघांपेक्षाही कितीतरी संथ आहे. म्हणजे हे ढोल वाजवणं नव्हे, खाणं. उत्तरेत असा चिकाटीने खाणारा एकच: तीनबोटी सुतार. इतर सुतारांना चार बोटं, याला तीन. नराचा माथा पिवळा. स्प्रूसची साल सोलत बसतो आणि आतल्या अळ्या खातो. मी नोकरीत पाइपांचे सांधे अल्ट्रासाउंडने तपासतो. आवाजातली बारीकशी चीरसुद्धा या कानातून सुटत नाही.

रेकॉर्डिंगच्या शेवटी एका पुरुषाचा घोगरा आवाज घुसलाय. 'आयोबा ओल्का' छापाची काहीतरी फिनिश बडबड. तेवढी शेपटी कापून फाइल स्वच्छ केली. पक्षी बोलत असताना माणसांनी गप्प बसावं हे मी तेजूला लहानपणीच शिकवलं होतं. तिच्या घरात ते बाकीच्यांना कुणी शिकवलेलं दिसत नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

जेवणाच्या सुट्टीत सिराजला रेकॉर्डिंग ऐकवलं. हा माझ्या शेजारच्या टेबलावरचा इंजिनियर, कोळिकोडचा, तीन मुलींचा बाप. ऐकून त्याचा चेहरा एकदम खुलला.

"अरे सर! ये तो मैंने तीन बार सुना है।"

मी चाट पडलो. "तीन बार? किधर?"

"हॉस्पिटल में। यहीं, बहरीन में।"

"अकेले थे?"

"नहीं, वाइफ साथ में थी। वो तो रोने लगी।" मग माझा हात दाबून म्हणाला, "माशाल्ला, सर। बहुत मुबारक।"

सिराज माणूस भला आहे, पण शास्त्रीय वृत्ती नाही. बहरीनमध्ये तीनबोटी सुतार, तोही तीन वेळा? पण नोंद कितीही वेडगळ असो, तपासल्याशिवाय फेटाळायची नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी हॉस्पिटलच्या आवारात दुर्बीण घेऊन गेलो. खजुराची झाडं, एक कडुनिंब, बुलबुल, साळुंक्या. सुतार मफी, म्हणजे इथल्या भाषेत औषधालाही नाही. कडुनिंबामागच्या खिडक्यांच्या दिशेने दुर्बीण वळली तसा गार्ड धावत आला. तो बायकांचा वॉर्ड निघाला. मी पक्ष्याचं चित्र दाखवलं. तो म्हणाला, "यल्ला, यल्ला, बाहर।" हेमाला सांगितलं तर तिने कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही खरंच हॉस्पिटलात जाऊन आलात आणि तरीही...?" पुढचं वाक्य तिने गिळलं.

बुधवार, १९ फेब्रुवारी

निष्कर्ष पक्का: तीनबोटी सुतार, खाताना. तेजूला कळवलं. तिने विचारलं, "बाबा, शेवटपर्यंत ऐकलंत?" म्हटलं, संपूर्ण. मग लिहिते, "बाबा, ढोलीत हालचाल आहे." मी उत्तर दिलं की फेब्रुवारीत ढोलीत पिलं असूच शकत नाहीत, जून उजाडेल. ती म्हणाली, "हो. जूनच."

तिला कळतंय तर मग चुकीचं लिहिते कशाला?

हेमा रोज संध्याकाळी विचारते, "ओळखलंत का?" सांगितलं की म्हणते, "बरं." तिला पक्ष्यांत रस वाटू लागला हे व्याख्यानाचं पहिलं यश. बाकी तिचं काय चाललंय कळत नाही. जुन्या मऊ साड्या फाडून चौकोनी तुकडे दुहेरी शिवत बसते. दुर्बिणीची काच पुसायला एक घेतला तर हातातून ओढून घेतला आणि परत धुवायला टाकला. अळिवाचे लाडूही करून बघितले. म्हणाली, "चव बघा. प्रवासात टिकतील ना?" कुणाच्या प्रवासात हे विचारायचं राहिलं. अळीव गुडघ्यांना चांगलं असतं म्हणतात.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

हे लिहायचं की नाही, यावर चहा गार झाला. लिहितो.

हूरातल्या हॉटेलचा हॉल भरलेला होता. त्यात जेवणाचा वाटा किती आणि माझा किती, या वादात शिरत नाही. पहिला भाग उत्तम गेला. चोच, कवटी, लांब जीभ. नर रात्री अंड्यांवर बसतो म्हटल्यावर बायकांनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, "आता एक कोडं. हा आवाज माझ्या मुलीने फिनलंडहून पाठवलाय. ओळखा पाहू कोण?" आणि स्पीकर मोठा केला.

ठक ठक ठक ठक.

हॉल शांत झाला. मला वाटलं, पकडलं मी यांना. मग डाव्या बाजूने, जिथे बायका बसल्या होत्या, तिथून कुजबुज सुरू झाली. कुणीतरी हेमाचा हात धरला. पाठोपाठ श्रेया उभी राहिली. ही बुसैतीनच्या एका दवाखान्यात नर्स आहे, सावंतवाडीची, गोड मुलगी.

"काका, कितवो म्हयनो?"

"दुसरा," मी म्हटलं. फेब्रुवारी दुसराच.

"दुसऱ्यात इतक्या साफ नाय आयकाक येणा, काका. पाचवो तरी आसतलो."

"मे? मेमध्ये तर साल सोलण्यापेक्षा—"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. अख्खा हॉल हसत होता. सुयोगने माईक हातात घेतला आणि ओरडला, "राजनकाका आजोबा होणार!" टाळ्या. कुणीतरी खिशातली खडीसाखर हेमाच्या तोंडात घातली. स्पीकर बंद करायचं कुणाला सुचलं नाही, त्यामुळे हा सगळा वेळ ते चालूच होतं. ठक ठक ठक ठक.

मी उभा होतो. हातात तीनबोटी सुताराचं चित्र होतं.

शनिवार, २२ फेब्रुवारी

नोंद करण्यासारखं काही नाही.

गुरुवार, ६ मार्च

रमजानमुळे ऑफिस दोनला सुटतं. इतके दिवस घरात न बोलता दुपार काढणं सोपं नाही.

मला फार लागलं आहे. हसले त्याचं नाही. माझ्या घरातली गोष्ट मला सोडून सगळ्यांना कळली, याचं लागलं. सिराजला कळली. गार्डलासुद्धा कळली असती, तेवढी त्याची हिंदी बरी असती तर. आज हेमाला म्हटलं तसं.

ती शिवण बाजूला ठेवून म्हणाली, "तुम्हाला तिने सगळ्यांच्या आधी सांगितलं असतं. तुम्ही बोलू देता का दुसरं काही? पक्ष्यांचं तेवढं चालतं, म्हणून बिचारीने पक्ष्यांत घालून सांगितलं. फोटो दाखवला, पाळणा दाखवला. ठोके ऐकवले! आणि तुम्ही त्या पाळण्याला झाकण लावायला निघालात."

"पण तू तरी..."

"तिने शपथ घातली होती. म्हणाली, बाबांना माझ्याकडूनच कळू दे."

मी चष्मा पुसायला घेतला. ती थांबली नाही.

"पहिलं बाळंतपण माहेरी करतात. तिचं माहेर म्हणजे सनदमधला हा फ्लॅट. इथे तिच्या नवऱ्याचं नाव काढायला बंदी. मग काय नवऱ्याला विमानतळावर ठेवून यायचं? ती म्हणते, जिथे बाळाच्या बापाचं नाव चालत नाही तिथे मी त्याला आणणार नाही. आज नाही, कधीच नाही. मी जूनमध्ये जातेय, तिकीट काढलंय. एकच. तुम्हाला नातवंड बघायचं असेल तर नाव घ्या आणि या."

"नाव घ्यायला मी काय नवी नवरी आहे?"

"नवरीला उखाणा तरी जुळवावा लागतो. तुम्हाला नुसतं नाव पुरे."

मी उठून बाल्कनीत गेलो. तिथे बघण्यासारखा एकही पक्षी नव्हता.

शनिवार, २२ मार्च

आज मानमोडी आली! सकाळी कंपाउंडच्या भिंतीखाली मुंग्या खात होती. हाच तो सुतारांच्या कुळातला लांबचा पाहुणा. वाळक्या सालीसारखा रंग, समोर असून दिसत नाही. आफ्रिकेतून उत्तरेकडे जाताना इथे टेकते आणि एप्रिल-मेमध्ये थेट फिनलंड गाठते. व्हिसा लागत नाही.

बऱ्याच दिवसांनी काहीतरी बोलायला विषय मिळाला, म्हणून हेमाला हाक मारली. तिला सवयी सांगितल्या. हिला स्वतःला ढोली खोदता येत नाही, पण दुसऱ्याच्या घरात शिरून हक्क सांगते. कुणी ढोलीत हात घातला की सापासारखी मान वळवते आणि फिस्स करते. साप नाही, विष नाही, काही नाही. निव्वळ सोंग.

"आणि समोरच्याने हात काढलाच नाही तर?" हेमाने विचारलं.

"तर मान टाकून मुकाट पडून राहते."

हेमा दुर्बिणीतून खूप वेळ बघत राहिली. म्हणाली, "ओळखीची वाटते."

"शक्यच नाही. इथे मार्चशिवाय दिसत नाही फारशी."

"मला बाराही महिने दिसते," ती म्हणाली आणि आत गेली.

हेमाचं पक्षीज्ञान अजून कच्चं आहे.

रविवार, ३० मार्च

पाडवा आणि ईद एकाच दिवशी. हेमाने बाल्कनीत गुढी उभारली. खालून नवे कपडे घातलेली पोरं 'ईद मुबारक' ओरडत गेली. अकराच्या सुमारास सिराज बिर्याणीचा डबा घेऊन आला. श्रीखंड खाता खाता विचारतो, "सर, दामाद का नाम क्या है?"

हेमा वाटी भरता भरता थांबली. मला तिच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

"J से है," मी म्हटलं.

"जे से? जमाल? जावेद?"

"नहीं, नहीं। वहाँ J को ज नहीं पढ़ते। J लिखते हैं और य बोलते हैं।"

बोललो आणि तसाच थांबलो. ज लिहायचं आणि य म्हणायचं. सिराज पुढे काहीतरी विचारत होता. मी "एक मिनिट" म्हणून आतल्या खोलीत आलो आणि दार लावलं.

तेजूची मूळ फाइल फोनमध्ये होतीच. शेपटी कापल्यापासून ती उघडली नव्हती. लावली. ठक ठक ठक ठक. मी कापलं होतं ती जागा आली. आणि तो घोगरा आवाज, एकेक अक्षर जपून उचलत, कुणीतरी इंग्रजी लिपीत लिहून दिलेलं वाचावं तसा:

"आयोबा... ओल्का पाहू... कोन?"

फिनिश बडबड नव्हती. मराठी होती. आजोबा, ओळखा पाहू कोण? त्याच्या आवाजामागे ते ठोके चालूच होते आणि मी ते दोन्ही मिळून कापून टाकले होते. स्वच्छ करण्यासाठी.

किती वेळा ऐकलं ते मोजलं नाही. मला रडू आलं, हेही लिहून ठेवतो. डायरी खाजगी आहे.

मग तेजूला फोन लावला. तिने उचलला नाही, त्याने उचलला. इंग्रजीत म्हणाला, ती झोपली आहे, उठवू का? मी म्हटलं नको. पुढे काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं. तोही गप्प, मीही गप्प. गप्प बसायला मात्र त्याला कुणीतरी चांगलं शिकवलंय. कुणीतरी बोलणं भाग होतं.

"यान्ने," मी म्हटलं.

"येस?"

"ओल्का नाही. ओळखा. ख."

"ओळ... का?"

"का नाही. ख. ख!"

"क्ह," तो म्हणाला. घसा साफ केल्यासारखा. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. माणूस चिकाटीचा आहे, लाकूडकामावरून तेवढं दिसलंच होतं. पण ख काही येईना. पाठीमागे दार उघडलं. हेमा हातात श्रीखंडाची वाटी घेऊन उभी होती आणि तिच्या मागून सिराज डोकावत होता.

फोन ठेवला आणि हेमाला म्हटलं, दुसरं तिकीट बघ. ख फोनवर शिकवता येत नाही.